तिसरं हाड मोडू द्यायचं नाही

माझं दुसरं हाड मोडलं ते कुंकवापायी. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ द्या. पण ज्यांच्या घरात साठी ओलांडलेली बाई किंवा बाप्या आहे, त्यांनी हसून झाल्यावर पुढचंही वाचावं, म्हणून मी लिहायला बसले आहे. बसले म्हणजे खुर्चीत, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. आता माझं बसणंसुद्धा कुणीतरी शिकवलेलं आहे.

मी लासुर्ण्याची. अंगणवाडीत नोकरी केली. गावातल्या दोन पिढ्यांची उंची आणि वजन माझ्या हातानं मोजलेलं आहे. कुणाचं पोर खुरटतंय हे ते दारातून आत येतानाच मला कळायचं, आणि मग त्याच्या आईची खैर नसायची. अंडं देतेस का, नाचणी देतेस का, उन्हात खेळू देतेस का. गावातल्या सुना मला बघून वाट बदलायच्या. माझ्या स्वतःच्या पोटात मात्र दूध जायचं ते चहापुरतं. माझी उंची किती आहे हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही कधी भिंतीला पाठ लावून उभी राहिले नाही.

घरात आमचे मालक आहेत. त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, म्हणून इथं मीही तात्याच लिहिते. मुलगा सतीश ऊस बघतो. सून वैशाली कऱ्हाटीची, आणि लेक मंगल बारामतीच्या कडेला जळोचीत राहते, शाळेत शिकवते. या गोष्टीत एवढीच माणसं आहेत, आणि वैशालीची आई, म्हणजे माझी विहीण.

पहिलं

पहिलं हाड डाव्या मनगटाचं. न्हाणीत साबणाच्या पाण्यावरून पाय सरकला, हात टेकला आणि हात वाकडा झाला. जवळच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं. पाय घसरला की हात मोडणारच, असं मी म्हणाले. प्लास्टर घालणारेही तेच म्हणाले, भेटायला येणारे सगळे तेच म्हणाले. उभ्या जागी पडलं तर धडधाकट माणसाचं हाड सहसा मोडत नाही, मग हिचं का मोडलं, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नाही. लहान पोराचं वजन महिनाभर वाढलं नाही तर मी आकाशपाताळ एक करायचे. स्वतःचं हाड मोडलं तर शेजारणीला म्हणाले, चला, भाकरी थापण्यातून सुटका झाली.

करंडा

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला येण्याची रीत आहे आणि आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय वाटेला लावायचं नाही, ही त्याहून मोठी रीत आहे. त्यात विहीण आली तर विचारायलाच नको. विहिणीचा मान कमी पडला तर तो सुनेच्या माहेरी वर्षानुवर्षं आठवला जातो.

विहीणबाई कऱ्हाटीहून बाजरी आणि मटकी घेऊन आल्या होत्या. त्यांच्याकडं जिरायत, आमच्याकडं कॅनॉलचं पाणी. त्यावरून आमची थट्टा ठरलेली. तुमच्याकडं नुसता वारा, असं मी म्हणायचं, आणि तुमच्याकडं नुसती चिलटं, असं त्यांनी. त्या दिवशीही तसंच झालं. खूप बोललो, चहा झाला. वैशाली गोठ्यात धार काढत होती. विहीणबाईंचे मालक रस्त्यावर मोटरसायकल चालू करून उभे होते, म्हणून त्या घाईनं उठल्या आणि ओसरी उतरायला लागल्या. तेवढ्यात मला आठवलं, कुंकू राहिलं.

मी त्यांना थांबा म्हणाले आणि देव्हाऱ्यापुढचा करंडा घेऊन निघाले. आमच्या दाराचा उंबरा चांगला उंच होता. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या दिवशी सांगितलेलं, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. इतकी वर्षं मी तो ओलांडलाच. लुगडं नेसणारी बाई उंच उंबरा कसा ओलांडते हे बघा कधीतरी. ती एका हातानं निऱ्या उचलते आणि दुसरा हात चौकटीला लावते. माझा डावा हात प्लास्टरमध्ये होता आणि उजव्या हातात करंडा होता. निऱ्या उचलायला हात नव्हता, चौकट धरायलाही नव्हता. अंगठा निरीत अडकला आणि मी उंबऱ्यापलीकडं ओसरीच्या फरशीवर डाव्या कुशीवर पडले.

करंडा फुटला. कुंकू माझ्या अंगावर, फरशीवर, भिंतीपर्यंत उडालं. विहीणबाईंना वाटलं सगळं रक्तच आहे. त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून रस्त्यावरची माणसं धावत आली. त्या मला काखेत हात घालून उठवू बघत होत्या आणि मी ओरडत होते की हलवू नका. माझा डावा पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता. तो माझा असूनही माझं ऐकत नव्हता. मनगट मोडलं तेव्हा मी घाबरले नव्हते. या वेळी पाय बघितला आणि घाबरले.

सतीशनं जीप आणली. हंगामाचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या. एकीला ओलांडलं की पुढं दुसरी. प्रत्येक खड्ड्याला माझ्या खुब्यातून कळ उठायची आणि वैशाली माझं डोकं मांडीवर धरून ड्रायव्हरला हळू म्हणायची. बारामती कधी आली मला कळलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं

दवाखान्यात फोटो काढले. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून आत रॉड घालावा लागणार होता. डॉक्टर सतीशच्या वयाचे. त्यांनी फोटो उजेडाला धरला, मग माझ्या हाताच्या प्लास्टरकडं बघितलं आणि हे कधीचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, तो वेगळा अपघात होता.

ते माझ्या खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "आजी, हे दोन अपघात नाहीत. हा एकच आजार आहे. हाडं आतून ठिसूळ झालीत. मनगटानं आधी सांगितलं होतं, आपण कुणी ऐकलं नाही."

मग तात्यांकडं वळून त्यांनी सांगितलं की ऑपरेशन मी करेन, आजी चालतीलही. पण खरं काम त्यानंतरचं आहे. दोन हाडं मोडलेल्या माणसाचं तिसरं मोडायला फार वेळ लागत नाही. ते दुसऱ्या खुब्याचं असेल नाहीतर पाठीच्या मणक्याचं. तिसरं हाड मोडू द्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

त्या वाक्यानं माझी जी घाबरगुंडी उडाली ती ऑपरेशननंही उडाली नाही. ऑपरेशन दुसऱ्यानं करायचं होतं, मी नुसतं निजायचं होतं. तिसरं हाड मात्र माझ्यावर होतं. कुठलं मोडणार, कधी मोडणार, शिंकताना की कूस वळताना, काही कळायला मार्ग नव्हता.

बाहेरच्या व्हरांड्यात तात्या बाकावर बसले होते. एरवी दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. त्या दिवशी ते पाचवा बोलले. मंगल आली तेव्हा तिला म्हणाले, "इहीणबाई कुंकवाबिगर गेल्या असत्या तर काय बिघडलं असतं?" वैशाली पाण्याची बाटली भरून मागं येऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. तिनं बाटली माझ्या उशाशी ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मंगलनं मला हे सगळं नंतर सांगितलं.

शेजारची खाट

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीवाली पोरगी आली आणि म्हणाली, उठा. मला वाटलं चेष्टा करते. पण ती करत नव्हती. वॉकर पुढं ठेवला, प्लास्टरचा हात त्यावर नुसता टेकवायला लावला, कमरेला धरलं आणि मला उभं केलं. डोळ्यांपुढं अंधारी आली. हात मोडायच्या आधी मी गोठ्याला वळसा घालून शेणाची पाटी टाकून येत होते, आणि आता खाटेपासून खिडकीपर्यंतचं अंतर बघून घाम फुटला.

दवाखान्याचा दिवस ठरलेला असायचा. सकाळी रक्तदाब, मग इंजेक्शन, मग फरशी पुसायला बाई यायची. फिनेलचा वास आला की माझं अंग ताठ व्हायचं. ओली फरशी वाळेपर्यंत मी खाटेच्या खाली पाय सोडायची नाही. संडासाचं भांडं मागवावं लागायचं. मंगल सगळं करायची आणि मी तिच्याकडं न बघता भिंतीवरच्या पालीकडं बघायची. लाज लेकीची वाटते ती परक्या नर्सची वाटत नाही, हे मला तिथं कळलं.

शेजारच्या खाटेवर इंदापूरकडची एक आजी होती. माझ्याहून थोडी मोठी. तिची तोंड भिंतीकडं करून निजायची सवय होती. फिजिओवाली आली की ती डोळे मिटून घ्यायची. मी तिला म्हणाले, आजी, उठा की जरा, मी बघा उठते.  ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "पयल्या बारीला म्या बी अशीच चालत घरी गेले व्हते."

तिचा एक खुबा आधी मोडलेला. ऑपरेशन झालं, चालायला लागली, सगळ्यांना वाटलं बरी झाली. हाडांवर औषध घ्यायचं असतं हे एकतर कुणी सांगितलं नाही किंवा सांगितलेलं घरी पोचलं नाही. आता दुसरा मोडला होता. तिची मुलं चांगली होती, रोज यायची, पण ती उठायला तयार नव्हती. तिला घरी नेलं तेव्हा स्ट्रेचरवरून नेलं. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं आणि हात जोडले. ती खाट रिकामी झाली तरी मी तिकडं कूस वळवून निजत नव्हते. माझं तिसरं हाड कसं दिसेल ते मी बघितलं होतं.

जळोची

दवाखान्यातून मला थेट मंगलकडं नेलं. तिच्याकडं सपाट फरशी, उंच कमोड, न्हाणीघरात धरायला दांडे. लासुर्ण्याच्या घरात यातलं काही नव्हतं. निघायच्या आधी हाडांची तपासणी झाली, पोटात इंजेक्शन दिलं. ते अर्ध्या वर्षानं पुन्हा घ्यायचं, तारीख टाळायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून मनानं बंद तर अजिबात करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. सोबत कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध, अंडी, ऊन. म्हणजे मी आयुष्यभर दुसऱ्यांना सांगितलं तेच. ऐकताना मला स्वतःचाच राग आला.

मंगलनं मला जपलं. इतकं जपलं की मी तिच्यावर ओरडायला लागले. खुर्चीतून उठले की ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आई, बस. पाण्याचा तांब्या घ्यायला हात लांबवला की आई, बस. शाळेत गेली तरी मधल्या सुट्टीत फोन करून विचारायची की बसलीस ना. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आणि खरं सांगते, मला ते बरंही वाटत होतं. बसलेलं माणूस पडत नाही. मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं की आता जन्म खुर्चीत काढायचा, म्हणजे तिसरं हाड शाबूत राहील.

एक दिवस फिजिओवाली पोरगी तपासायला घरी आली आणि माझी मांडी दाबून बघितल्याबरोबर तिचा चेहरा बदलला. मला नाही, मंगलला झापलं तिनं. बसवून ठेवलं तर मांडीतली ताकद जाते, तोल जातो, हाडं आणखी पोकळ होतात, आणि मग ज्या दिवशी उठतील त्या दिवशी पडतील. मंगल रडायला लागली. म्हणाली, "मग काय करू? ती उठली की मला तिचा पाय वळलेला दिसतो." तेव्हा मला समजलं की घरात भीती एकट्या मलाच नव्हती. मीही रडले. मग त्या पोरीनं आम्हा दोघींना खुर्चीत बसवलं आणि हाताचा आधार न घेता उठायला लावलं. मंगलला पहिल्या झटक्यात उठता आलं नाही. त्यावर आम्ही हसलो, आणि त्या दिवसापासून आमचं ‘आई, बस’ थांबलं. आता ‘आई, ऊठ’ सुरू झालं, जे जास्त जाचक निघालं.

या सगळ्या दिवसांत कऱ्हाटीहून कुणी आलं नाही. वैशालीचा फोन यायचा, गोळ्या घेतल्या का एवढं विचारायची आणि ठेवायची. विहीणबाईंचं नाव तिनं काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

उंबरा

लासुर्ण्याला परत जायचा दिवस ठरला तेव्हा मंगलनं फोनवरून घरातल्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. न्हाणीत दांडा, जमिनीवरची गोधडी नको, वाटेत गाईचं दावं नको, सपाता टाकून पट्ट्याची चप्पल. मी सगळ्याला हो म्हणाले. एका गोष्टीला नाही म्हणाले. उंबऱ्याला हात लावायचा नाही. सासूबाईंनी रोज पुजलेला उंबरा, मी रोज पुजलेला. मी त्यावरून पडले त्यात उंबऱ्याची काय चूक.

जीपमधून उतरले, वॉकर धरला, ओसरी चढले. तिथं दांडा बसवला होता. दारात आले आणि पाय उचलून थांबले. उंबरा नव्हता. चौकटीखाली ओसरीच्या फरशीला लागून एक सपाट काळा दगड बसवलेला होता आणि त्यावर कुणीतरी वेडीवाकडी लक्ष्मीची पावलं काढली होती. पावलं बघूनच कळलं की काढणाऱ्यानं जन्मात रांगोळी हातात घेतलेली नाही.

मी तात्यांकडं बघितलं. माझ्या तोंडून बरंच काही निघणार होतं. त्यांनी निघू दिलं नाही. म्हणाले, "लक्ष्मीचाच हाय नव्हं उंबरा? मग लक्ष्मीला आडवायचा कशाला."

एवढं बोलून ते गोठ्याकडं निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं मला लक्ष्मी म्हटल्याचं आठवत नाही. मी रडत आत गेले आणि रागावायचं राहून गेलं.

तोड

दुसऱ्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आणि नेमकी आमच्या उसाला तोड आली. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांना सांगते, तोड आली म्हणजे कारखान्याची ऊस तोडणारी टोळी फडात उतरली. त्यांच्या येण्याची वाट बघत ऊस वाळत असतो. टोळी आली की घरातलं लग्नसुद्धा बाजूला ठेवतात. ती दुसऱ्याच्या फडात गेली तर पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. सतीश म्हणाला, तोड आटोपली की जाऊ, आठ-पंधरा दिवसांनी काय होतंय. आणि मलाही ते पटलं. उसापुढं माझं इंजेक्शन ते काय. आमच्या भागात असंच मोजतात, मीही तशीच मोजणारी.

सकाळी वैशाली पदर खोचून आली. तिनं टोळीच्या चहाचं शेजारणीवर सोपवलं होतं, रिक्षा बोलावली होती. सतीश म्हणाला, अगं, आज कुठं. तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. मला म्हणाली, "आत्या, चला. ऊस काय हुबाच राहतोय. तुमी हुबं राहायला पायजे."

 रिक्षात, भवानीनगर गेल्यावर मी विचारलं, तुझी आई का येत नाही. ती बाहेर बघत म्हणाली की आईला वाटतं, तिच्यामुळं तुमचा पाय मोडला. म्हणाली, तात्या दवाखान्यात जे बोलले ते मी तिला सांगितलं नाही, पण तिला न सांगताच ते कळलंय. मग थोड्या वेळानं म्हणाली, आणि हल्ली तिची पाठ पण लई दुखते, मोटरसायकलवर बसवत नाही. मी म्हणाले, पाठीचं बघू, आधी तिला यायला सांग. तात्यांच्या वतीनं मी सांगते, तिच्यावर कुणाचा राग नाही.

इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात हे बरं केलं. उशीर करणाऱ्यांचे मणके दबल्याचं मी बघितलंय. वैशालीनं माझ्याकडं बघितलं आणि मी तिच्याकडं. घरी आलो तेव्हा ऊस अर्धा तुटला होता आणि आम्ही दोघी नसल्यानं काही अडलं नव्हतं.

विहीणबाई

विहीणबाई आल्या त्या एसटीनं. मी दाराजवळ खुर्चीत बसले होते. त्या ओसरीवर आल्या, दारापाशी थांबल्या आणि नसलेला उंबरा ओलांडायला पाय उंच उचलला. मग खाली बघून ओशाळल्या. मलाही हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. आत येऊन माझ्यासमोर बसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. मी त्यांना सांगितलं की पाय तुमच्यामुळं मोडला नाही, तो आतून पोकळ झाला होता, तुम्ही आला नसतात तर शेणाची पाटी उचलताना मोडला असता. तात्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं त्यांना दिला. आमच्या तात्यांची माफी म्हणजे एवढीच. विहीणबाईंना ती समजली.

चहा झाला. वारा आणि चिलटांची थट्टा झाली. एसटीची वेळ झाली म्हणून त्या उठल्या. वैशालीनं नवा करंडा आणून माझ्या हातात दिला. आता मी बसूनच कुंकू लावते, येणाऱ्या बायका खुर्चीपाशी येऊन वाकतात. विहीणबाई पुढं आल्या आणि माझा हात करंड्यातच थांबला.

त्या वाकल्या नव्हत्या. वाकायची गरजच नव्हती. मी बसलेली होते आणि त्यांचं कपाळ माझ्या हाताला लागत होतं.

सतीशच्या लग्नात आम्ही विहिणी गळ्यात पडलो तेव्हा आमचे खांदे एकाला एक लागले होते. लोकांनी चेष्टा केली होती की विहिणी मापून आणल्यात. मी त्यांना उभं राहायला सांगितलं, सरळ. त्या म्हणाल्या, उभीच हाय की. मी वैशालीला म्हणाले, आईच्या लुगड्याचा काठ बघ. काठ जमिनीला घासत होता. पोटाला घड्या पडल्या होत्या आणि पाठीत, मानेच्या खाली, बाक आला होता. जन्मभर पोरांची उंची मोजली, पण मोठं माणूस उतरत्या बाजूनं मोजायचं असतं हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मी विचारलं, पाठ कधीपासून दुखते. त्या म्हणाल्या, पाण्याची घागर उचलली तवा कटकन वाजलं, मग आपसूक कमी झालं, पुन्हा एकदा तसंच झालं. म्हातारपणी पाठ वाकायचीच, आमच्या आईची बी वाकली व्हती. मी म्हणाले, पाय घसरला की हात मोडणारच असं मीही म्हणत होते. उद्या सकाळी वैशालीबरोबर बारामतीला जा. त्या म्हणाल्या, उद्या कुठं, बाजरीची मळणी हाय, मळणी झाली की बघू. आणि कुंकवासाठी कपाळ पुढं केलं.

मी करंड्याचं झाकण लावलं.

 सवाष्ण कपाळ पुढं करते आणि घरची बाई झाकण लावते, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. वैशालीचा चेहरा उतरला. तात्यांनी खाकरून माझ्याकडं बघितलं. विहीणबाई तशाच उभ्या राहिल्या, त्यांचे डोळे भरून आले. 

मी म्हणाले, "इहीणबाई, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. माझ्या ठेचेवर तुमी शहाण्या व्हा. कुंकू बारामतीहून आल्यावर."

कुंकवाशिवाय त्यांना जाता येईना. एसटी गेल्याचा आवाज आला तरी त्या उभ्याच होत्या. मग हळूच खाटेवर टेकल्या आणि वैशालीला म्हणाल्या, कऱ्हाटीला फोन लाव, म्हणावं मी उद्या बारामतीला जाऊन मग येते.

दुसऱ्या दिवशी त्या दोघी गेल्या आणि मी दाराजवळ बसून राहिले. जेवण गेलं नाही. इंदापूरची ती आजी सारखी डोळ्यांपुढं येत होती. उन्हं कलली तेव्हा रिक्षा थांबली. विहीणबाई उतरल्या. कमरेला रुंद पट्टा होता आणि त्या पाय बघून टाकत होत्या. वैशालीनं मला नजरेनंच सांगितलं, मग तोंडानं सांगितलं की दोन मणके आधीच दबलेत. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. पुढचा वाचवायचा. इंजेक्शन सुरू केलंय.

विहीणबाईंनी या वेळी पाय उचलला नाही. सपाट दगडावरून नीट चालत आत आल्या, माझ्यापुढं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तरी लावा."

मी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि शिकवल्याप्रमाणे, हाताचा आधार न घेता, खुर्चीतून उठले. करंडा वैशालीनं धरला. माझा डावा हात वॉकरवर होता. उजवा मोकळा होता, तो मी विहीणबाईंच्या कपाळाला लावला.